बेबीला उचलायचं नाही

बेबी, त्या दुपारी चौघांनी तुला उचललं आणि तू कुणाला काही बोलली नाहीस. मी दारात उभी होते. खरं सांगते, रडायचं सोडून मी वाटच बघत होते, की आता तू डोळे उघडशील आणि सगळ्यांना झाडशील, हात लावू नका, माझी मी येते म्हणून. पुढच्या बाजूला तुझा दादूस, माझा नवरा, होता. त्याने खांदा दिला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. किती वर्षांनी तू त्याला उचलू दिलंस, आणि तेही नको म्हणायला जागेवर नव्हतीस म्हणून.

काल तुझं बारावं झालं. गल्लीत घरोघरी गणपती बसलेत, आपल्याकडे सुतक म्हणून या वर्षी पाट रिकामा आहे. नाक्यावर दादूसने तुझा फ्लेक्स लावलाय. जन्मतारीख, शोकाकुल परिवार, सगळं त्यावर आहे, तेव्हा ते मी इथे लिहीत बसत नाही. फ्लेक्सवाल्याने तुला गोरी करून टाकलीय बाई, ओठांवर लाली पण चढवलीय. तू असतीस तर त्याला दुकानात बोलावून घेतलं असतंस आणि त्याचाच फोटो तसाच रंगवून त्याच्या हातात दिला असतास. मी रोज दूध आणायला जाताना तुझ्याकडे बघते आणि मान फिरवते, कारण ती तू नाहीसच.

मी परळहून लग्न होऊन खाडीकाठच्या गोडदेवला आले, तेव्हा नणंद म्हणजे काय प्रकरण असतं याचे भरपूर किस्से ऐकून आले होते. पहिल्याच सकाळी तुला 'अहो बेबीताई' म्हटलं. तू भाकरी मोडता मोडता थांबलीस. म्हणालीस, आमच्याकडं आयला पण अगं-तुगंच हाय, तू मना कनाला अहो बोलतंस? मग सासूबाईंनी मला घरातल्या गोष्टी समजावल्या. कुठला नळ गळतो, कुठल्या देवाला कुठलं फूल, दादूसला वांगं चालत नाही, आणि बेबीला उचलायचं नाही. नळ आणि वांग्याइतक्याच साध्या आवाजात त्यांनी ते सांगितलं. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, काय बाई तरी एकेकाचे नखरे.

तेव्हा तू कुबड्यांवर चालायचीस. लहानपणीच्या पोलिओने दोन्ही पाय गेलेले, पायांना लोखंडी कॅलिपर, आणि खांद्यांवर सगळा भार. पायऱ्या चढताना तुझा आवाज सगळ्या चाळीला कळायचा, खट, खट, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा खट. मी तिथे उभी राहून ओठ चावायचे. हात पुढे करावासा वाटायचा आणि तुझी नजर तो हात जागच्या जागी थांबवायची. पुढे खांदेच कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी कुबड्या सोडायला लावल्या आणि चाकाची खुर्ची आली. मला वाटलं आता तरी ऐकशील. कुठलं काय. खुर्ची आल्यापासून तर तू जास्तच ताठ झालीस.

तुझं दुकान मला फार आवडायचं, हे तुला मी कधी सांगितलं नाही. आधी पीसीओ, मग झेरॉक्स, मग लॅमिनेशन आणि मोबाइल रिचार्ज. जमाना बदलत गेला आणि तू त्याच खोपटात मशीन बदलत गेलीस. मारवाडी बायकांशी गुजराती, रिक्षावाल्यांशी हिंदी, गावातल्या म्हाताऱ्यांशी आपली बोली, आणि माझ्याशी भांडताना अर्धी बोली, अर्धी शुद्ध मराठी. पीसीओच्या काळातली एक गोष्ट मला अजून दिसते. एक बाई गावाला फोन लावून रडत होती. तू तुझं स्टूल भिंतीकडे फिरवलंस आणि कॅलेंडर वाचत बसलीस. ती जाईपर्यंत फिरली नाहीस. बूथला दार नव्हतं, तर तू पाठीचं दार केलंस. नंतर मी विचारलं तर म्हणालीस, तिचं रडणं तिचं हाय, मी कनाला बघू. माणसाची आब राखणं म्हणजे काय ते मी तुझ्या पाठीकडे बघून शिकले.

आता खाडीच्या गोष्टीवर येते, कारण सगळं तिथेच होतं ना. आपली मिठागरं कधीच गेली. तिथे आता सोसायट्या आहेत, त्यांच्या पार्किंगमध्ये पाणी साचलं की सासरे खिडकीतून बघून हसायचे, म्हणायचे, पाण्याला जुना पत्ता माहीत हाय. पण मीठ गेलं तरी नारळी पुनवेचा नारळ काही आपल्या घरातून गेला नाही. खाडीने बांध सांभाळले तर मीठ पिकायचं, म्हणून खाडीला नारळ. आणि आपल्या घरची रीत अशी, की ज्याचा नारळ त्याच्या हाताने. पोर चालायला लागलं की त्याच्या हातात त्याचा नारळ द्यायचा. मी लग्न होऊन आले त्या वर्षी माझ्याही हातात दिला. मी परळची, मी तो असा फेकला की तो चिखलातच रुतला आणि सगळं घर हसलं.

सगळ्यांचा नारळ आपापल्या हाताने, फक्त तुझा सोडून. खाडीपर्यंत जायला चिखल, दगड, बांधावरची निसरडी वाट. लहानपणी बाप तुला खांद्यावर घेऊन जायचा. मोठी झालीस आणि तू उचलून घेणं बंद केलंस, तशी तू घरीच थांबायला लागलीस. तुझा नारळ मग बाप टाकायचा, बाप गेल्यावर दादूस. परत आला की दारातून सांगायचा, बेबी, तुझ्या नावाचा टाकला गं. तू 'बरं' म्हणायचीस आणि नारळीभाताचं ताट ओढून घ्यायचीस. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते ओळखायला मला बरीच वर्षं लागली.

म्हणून ती बाग झाली तेव्हा तुझ्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. खाडीकाठी बाग, पोरांना घसरगुंडी, झोपाळे, म्हाताऱ्यांना बाकं, आणि बागेतून थेट पाण्यापर्यंत जाणारी पक्की वाट. वाट तशी छोटीच, चण्याची पुडी संपायच्या आत संपणारी. पण गुळगुळीत, चढ-उतार अगदी बेताचा, दोन्ही बाजूंना तिवरं, आणि शेवटी पाण्यावर पुढे आलेला गोल कट्टा. मीच आधी जाऊन बघून आले. फाटकापाशी निळी पाटी होती, त्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र. मी घरी येऊन तुला म्हटलं, बेबी, चल, तुझ्यासाठीच केलीय म्हण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू दुकानाचं शटर लवकर ओढलंस, आणि हातांवर जोर देऊन स्वतःची स्वतः रिक्षात चढून बसलीस.

आणि फाटकावर आपण दोघी अडकलो. पाटीच्या बरोबर खाली, बाइकवाल्या पोरांनी आत घुसू नये म्हणून तीन लोखंडी खांब पुरले होते. माणूस तिरका होऊन आत जाईल एवढीच फट. तुझी खुर्ची काही जाईना. मी आदल्या दिवशी त्याच फटीतून गेले होते, आणि माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं. तू एकदा पाटीकडे बघितलंस, एकदा खांबांकडे, आणि हसायला लागलीस. तेवढ्यात वॉचमन धावत आला. फिरायला आलेले दोन-तीन काकाही आले. माणसं चांगली हो. सगळ्यांनी बाह्या वर केल्या. अरे ताई, उठाके रख देते है ना अंदर, दो मिनट का काम है. तू खुर्चीचे ब्रेक लावलेस आणि म्हणालीस,

"भैया, मेरेको मत उठाओ. खंबा उठाओ."

त्यांना वाटलं तू गंमत करतेस. मलाही तसंच वाटलं होतं. पण तू ब्रेक काही काढले नाहीस. तिथेच बसलीस, फाटकाबाहेर, अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी चिडले. म्हटलं, अगं, ते प्रेमाने उचलतायत, शत्रू आहेत का तुझे? डोळे मिट, एकदाची आत जा, पाणी बघ. तू म्हणालीस, ते मला उचलायला तयार हायत ना वयनी, म्हणून तर खांब तिथं हाय. ते तयार नसते तर खांब कधीच निघाला असता. मला हे पटायला नको होतं, कारण माझा मुद्दा त्याने हरत होता. मी म्हटलं, माणसाला कधी ना कधी कुणीतरी धरावंच लागतं, तू काय आभाळातून पडलीस का? आपलं हे भांडण तेव्हापासून सुरू झालं ते संपलंच नाही. भाजी निवडताना, दुकानात, रिक्षात, कुठेही. मी धरून बसले होते की आधार घेण्यात कमीपणा नसतो. तू म्हणायचीस, आधार कोण देत नाही म्हणते, पण मागितल्यावर द्या.

एकदा तर मी रागाने तुला फाटकावर सोडून एकटीच आत गेले. तरातरा कट्ट्यापर्यंत गेले आणि तरातरा परत आले. तू फाटकाबाहेर शेंगदाणे खात बसली होतीस. विचारलंस काय, तर भरती होती का ओहोटी? मला सांगताच येईना. पाणी होतं एवढंच मला माहीत. तू इतकी हसलीस की वॉचमनही हसायला लागला. मला तुझा भयंकर राग आला आणि त्याच वेळी कळलं, तुला त्या पाण्याची किती ओढ आहे.

दादूसचं दुःख वेगळं होतं. ते तुला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही, म्हणून सांगते. लहान असताना तो तुला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवायचा. एका रात्री जेवताना तो मला म्हणाला, गावातल्या परक्यांचं सोड, पण मला का नको म्हणते? मी काय परका झालो? त्याच्या हातातला घास तसाच राहिला होता. मी ते तुला येऊन सांगणार होते, जरा तावातावानेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, बेबी, आज खरं सांग, एवढं काय आहे त्या उचलण्यात?

तू मशीन बंद केलंस. कागदांचा गठ्ठा सरळ करत बसलीस. मग म्हणालीस,

"उचलणारा कुठं धरतो ते उचलणाऱ्याला कळत न्हाय गं वयनी. ज्याला उचलतात त्याला कळतं."

आणि मग खाली बघून हळूहळू बोललीस. लग्नात, जत्रेत, देवळाच्या पायऱ्यांवर, दवाखान्यात, ज्याच्या मनात येईल त्याने उचलायचं. कुणी विचारायचं नाही. सगळे भले नव्हते. आणि जे भले होते तेही तसंच उचलायचे, न विचारता, म्हणून भला कोण आणि कोण नाही हे कळायच्या आत हात लागलेला असायचा. बारा-तेरा वर्षांची असताना तू ठरवलंस की आता कुणीच नाही. दादूस पण नाही. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणताना कारण सांगावं लागतं, आणि ते कारण सांगायचं कुणाला, आईला? तू मला कुणाचं नाव सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही. बाई आहे मी, मला सगळं कळलं. मी चहा सांगून आले आणि आपण दोघींनी तो प्यायला.

दादूसला मी एवढंच सांगितलं, की ती तुझ्यावर रागावलेली नाही, तुझ्याशी तिचं काही नाही. जास्त सांगायचं माझं काम नव्हतं. तो म्हणाला, बरं. तुझं ते 'बरं' आणि त्याचं हे 'बरं', दोन्ही एकाच घरातली, ऐकताक्षणी ओळखू येतात.

त्यानंतर मी तुझ्याशी फाटकावर भांडले नाही. रोज तुझ्याबरोबर बाहेर बसायला लागले. उन्हाळा होता. पोरं सुट्टीची, बाग भरलेली. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, बाहेर का बसलात? आणि तू प्रत्येकाला तेच, त्याच गोडीने सांगायचीस. रागावून नाही, मोर्चा नाही, घोषणा नाही. मला वाटायचं याने काय होणार. पण फिरायला येणाऱ्या लोकांना ते खायला लागलं. तिरकं होऊन फटीतून जाताना त्यांना तुझ्या समोरून जावं लागायचं ना. एक गुजराती काका तर तुझ्याकडे बघून रोज 'सॉरी बेन' म्हणायचे, जसा काही खांब त्यांनीच पुरलाय. शेवटी त्याच लोकांनी बागेच्या साहेबांना गाठून आणलं. साहेब म्हणाले, खांब काढला तर बाइक आत येतील. तू म्हणालीस, येऊ देत की, मी बसते ना इथं. साहेबांना हसू आलं. पण मधला खांब निघाला.

आणि बसलीस तू. दुसऱ्याच दिवशी एक पोरगा ॲक्टिव्हा घेऊन फटीतून आत घुसायला निघाला, तर तू खुर्ची बरोबर मध्ये आणून ब्रेक लावलेस. तो म्हणाला, आंटी, साइड. तू म्हणालीस, उठाके रख दो ना साइड में. पोरगा उतरून गाडी ढकलत मागे घेऊन गेला. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी आपल्या घरच्या दोन्ही पोरांना फोन करून हे सांगितलं, आणि दोघंही म्हणाले, आई, हे तू काल पण सांगितलंस.

पहिल्यांदा आत गेलीस ती संध्याकाळ मी विसरणार नाही. तू मला सांगितलंस, मागं ये, पण लांब राहा. मी लांब राहिले. तू चाकं मारत गेलीस, मध्ये एकदा खांदा चोळायला थांबलीस, एकदा झोपाळ्यावरच्या पोरीला हात केलास. शेवटी कट्ट्यावर पोचलीस आणि तशीच बसून राहिलीस. मला वाटलं, रडतेस. मी हळूच जवळ आले. तू खदखदून हसत होतीस. कट्ट्याभोवती रेलिंग होतं आणि त्याचा वरचा जाड पाइप बरोबर तुझ्या डोळ्यांसमोर आडवा होता. उभ्या माणसाला खाडी, लांबचा पूल, होड्या, सगळं दिसायचं. तुला दिसायचा पाइप. तू मान खाली घालून, वर करून बघितलंस. म्हणालीस, बसलेल्या माणसाचे डोळे कुठं येतात ते कुणी बसून बघितलंच न्हाय गं. मग म्हणालीस, आता याच्या मागं लागायचं. मला वाटलं होतं तुझा हिरमोड होईल. तुझा तर उत्साहच वाढला. पण पाऊस सुरू झाला, तुझा श्वास जड व्हायला लागला, आणि ते काम राहिलं. पाइप अजून तिथेच आहे. मी साहेबांचा फोन नंबर घेतलाय. तुझ्यासारखं गोड बोलायला मला जमणार नाही, मी आपली माझ्या पद्धतीने बोलेन, त्यांना ते महागात पडेल.

परवा सहज बागेत गेले होते. एक बाई बाबागाडी ढकलत आल्या, मोबाइलवर कुणाशी तरी साखरपुड्याच्या मेनूवर बोलत, आणि बोलता बोलताच फाटकातून आत गेल्या. त्यांच्या मागे एका म्हाताऱ्या आजोबांना त्यांचा मुलगा खुर्चीवरून घेऊन आला. तोही सरळ आत गेला. कुणी थांबलं नाही, कुणी खाली बघितलं नाही. जमिनीत खांबाच्या जागी सिमेंटचा गोल डाग आहे, त्यावरून सगळ्यांची चाकं जातात. मला एकदा वाटलं, त्यांना थांबवून सांगावं, इथे एक बाई बसायची. मग म्हटलं जाऊ दे. त्यांना काही कळलं नाही हेच तर तुला हवं होतं.

तुझा ताप, तो दवाखाना, ती नळी, ते मला लिहायचं नाही. त्याच्या आधीचं लिहिते. नारळी पुनवेचं.

दुपारपासून वारा होता. आभाळ भरलेलं पण पाऊस नव्हता. आपण तिघंच गेलो, तू, मी आणि दादूस. कट्ट्याखाली पाणी चांगलंच वर आलं होतं. दादूसने हळद-कुंकू वाहिलं, त्याचा नारळ टाकला. मी माझा टाकला, या वेळी नीट पाण्यात पडला. मग तू. तुझा नारळ तू सकाळपासून मांडीवरून खाली ठेवला नव्हतास. तू खुर्ची रेलिंगला लावलीस, नारळ डोक्याला लावलास आणि हात मागे नेऊन फेकलास. खांद्याने दगा दिला. नारळ पाइपवर आपटला आणि घरंगळत बाकाखाली गेला. पोरं हसली. तुझे ते 'सॉरी बेन'वाले काका तिथेच होते. त्यांनी नारळ उचलला आणि म्हणाले, लावो बेन, हुं नाखी दउं. तू हात पुढे केलास आणि त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलंस, नाही काका, मलाच टाकायचाय. त्यांनी नारळ पुसून तुझ्या हातात दिला.

दुसऱ्यांदाही तेच झालं. नारळ पाइपवर आपटून तुझ्याच मांडीत परत आला. तू खांदा धरून बसलीस. दादूस पुढे झाला, त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाला, दे बेबी, मी टाकतो, तुझ्याच नावाचा. तू त्याच्याकडे बघितलंस. त्या बघण्यात राग नव्हता, मी शपथेवर सांगते. मग तू माझ्याकडे वळलीस.

"वयनी, इकडं ये. मना उभी कर."

मी जागची हललेच नाही. इतक्या वर्षांत तू मला खुर्चीवरची उशीसुद्धा सरळ करू दिली नव्हतीस. तू ब्रेक लावलेस, पाय ठेवायच्या पट्ट्या वर केल्यास, आणि एकेक सांगायला लागलीस, शांतपणे, दुकानात एखाद्या नव्या पोरीला मशीन शिकवावं तसं. समोरून नको, बाजूने मागं ये. काखेत हात घालू नको, खांदा जाईल. दोन्ही हात कमरेभोवती घे आणि पोटावर एकमेकांत अडकव. इथं. हां, इथंच. आता मी सांगेन तेव्हा. मग तू पाइप धरलास, म्हणालीस 'हां', आणि मी धरलं, आणि तू उभी राहिलीस.

बेबी, तू माझ्याहून उंच निघालीस. कुबड्यांवर तू कायम वाकलेली, नंतर खुर्चीत बसलेली. तू सरळ उभी राहिल्यावर केवढी होतेस ते मला माहीतच नव्हतं. माझं नाक तुझ्या खांद्याला लागत होतं. तुझ्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. तुझा सगळा भार माझ्या हातांवर आला आणि मला वाटलं, देवा, आता पडतो दोघी. तू एका हाताने पाइप धरलास आणि दुसऱ्या हाताने नारळ टाकलास. फेकला नाहीस, नुसता सोडलास पाइपच्या पलीकडे. तो पाण्यात गेला, पार आत गेला, मग वर आला आणि भरतीबरोबर खाडीत आतवर वाहत निघाला. दादूसने आमच्याकडे पाठ केली. त्याच्या पाठीवरूनच कळत होतं.

माझी अडकवलेली बोटं सुटायला आली होती. मी म्हटलं, बसतेस का आता? तू म्हणालीस, "थांब. धर जरा."

तू पाणी बघत होतीस. लांबचा पूल, होड्या, पलीकडचा किनारा, उभ्या माणसाला जे दिसतं ते सगळं. आपलं एवढं जुनं भांडण, आणि तेव्हा ते जिंकायची माझ्याकडे अगदी आयती संधी होती. मी म्हणू शकले असते, बघ, सांगत नव्हते मी? पण मी धरूनच राहिले. तू मागितलं होतंस म्हणून मी धरलं होतं, आणि कुठे धरायचं ते तूच सांगितलं होतंस. इतकी वर्षं तू दुसरं काय म्हणत होतीस? तू बरोबर होतीस, बेबी. हे तुला तिथेच सांगायला हवं होतं. मला वाटलं, घरी जाऊन सांगू, नारळीभात खाताना सांगू.

बऱ्याच वेळाने तू म्हणालीस, सोड आता, आणि मी तुला हळूच खाली बसवलं. या खेपेला तू मला लांब राहा म्हणाली नाहीस.